ओल्या पंखावरचं बोट

"आर्जवच्या तोंडावर ल्हानपणीच कुणीतरी क्लिअर कोट मारलाय," असं कुपवाडच्या पेंट शॉपमधला मुकादम नाथाजी म्हणायचा. "आतलं समदं दिसतंय, पर भाईर काय येत न्हाई."

मोटरसायकलच्या टाक्यांवर रंग वाळला की त्यावर चकाकीचा पारदर्शक थर चढवायचा, हे आर्जवचं काम. थर ओला असताना कुणी दार उघडं टाकलं की धूळ बसायची आणि टाकी पुन्हा घासायला लागायची. मग नाथाजी आर्जवच्या नावानं शंख करायचा. दार बहुतेक वेळा नाथाजीनंच उघडं टाकलेलं असायचं. हे सगळ्या शॉपला माहीत होतं, आर्जवला तर समोर दिसलेलं असायचं. पण तो गुपचूप पॉलिश पेपर पाण्यात बुडवायचा आणि घासायला बसायचा. घासताना चेहरा असा, की जणू चूक खरंच त्याची आणि शिक्षा जरा कमीच झाली.

त्याचं घर सांगलीहून इस्लामपूरकडं जाताना उसाच्या दाटणीत. पुढं सोपा, मध्ये स्वयंपाकघर, मागं एक खोली. त्या खोलीत पूर्वी शेंगांची पोती असायची, आता विमानं होती. प्लॅस्टिकची, वीतभर लांबीची. सुटे भाग खोक्यातून यायचे. एकेक भाग तासायचा, जोडायचा, फटी बुजवायच्या, रंग द्यायचा. एका विमानात सगळा उन्हाळा जायचा. पारावरची मंडळी विचारायची, "आर्ज्या, ह्यात डिझेल घालतुयास का पेट्रोल रं?" आर्जव हसायचा. दुसरा म्हणायचा, "आरं, आपल्याला पुण्याला सोड की एकदा, एस्टीला लय गर्दी हाय." आर्जव परत हसायचा. ही दोन हसणी एकसारखीच असायची.

घरात बोलायचं खातं आईकडं होतं. चंदनबाला घरातल्या तिघांच्या वाटणीचं एकटी बोलायची आणि वर शेजाऱ्यांनाही थोडं उसनं द्यायची. वडील धन्यकुमार सोप्यात पेपर धरून बसायचे. पेपर वाचून संपला तरी धरून बसायचे. तो त्यांचा आडोसा होता. मुलाचं नाव त्यांनी पर्युषणातल्या तिसऱ्या दिवसावरून, म्हणजे सरळपणाच्या 'उत्तम आर्जव'वरून ठेवलं होतं. घरात त्यांचं चाललेलं ते शेवटचं, असं चंदनबालाच अभिमानानं सांगायची.

विमानाच्या कामात आर्जवला सगळ्यात अवघड जायचा तो चकाकीचा थरच. कुपवाडला रोज टाक्यांवर मारणाऱ्याला घरी ते अवघड का जावं? तर गावची हवा. पावसाळ्यात थर मारला की दमटपणानं त्यावर दुधासारखं सावट येतं. शिवाय चातुर्मासात फवाऱ्याला हात लावायचा नाही, असा आईचा दंडक. ओल्या थरावर चिलटं येऊन चिकटतात, "एका खेळण्यापायी किती जीव मारशील?" दिवाळी झाली, हवा कोरडी झाली, की इकडं साखर कारखान्याचा बॉयलर पेटतो आणि चिमणीतून काळी काजळी उडते. ती दोरीवरच्या धुण्यावर पडते, ताटात पडते, ओल्या पंखावर तर हमखास पडते. गाळप संपलं की उन्हाळा. तेव्हा थर विमानावर पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि पंख वाळूच्या कागदासारखा खरखरीत होतो. म्हणजे उरलं काय, तर दिवाळी आणि बॉयलर यांच्यामधली एक फट. तेवढ्या दिवसांत, तेही भर दुपारी, धूळ बसावी म्हणून जमीन ओली करून आणि दार लावून आर्जव वर्षाचं पुण्य पदरात पाडून घ्यायचा. थर मारला की विमानावर दुधावर ठेवतात ती जाळी पालथी घालायचा. जीव वाचले आणि पंखही.

लग्नाचंही त्याचं तसंच होतं, फक्त त्यात फट सापडत नव्हती.

पोरगं पस्तिशीकडं झुकलं होतं. शेती होती पण थोडी, नोकरी होती पण पक्की नव्हती. अलीकडं मुलींकडची मंडळी घर बघायला यायची, चहा प्यायची, मागच्या खोलीत डोकावायची आणि एकमेकांकडं बघायची. एका बाईनं तर जाताना विचारलंच, "पोरगं अजून खेळतंय व्हय?" स्थळं आणणारे भाऊसो म्हणजे चंदनबालाच्या माहेरच्या गावचे. त्यांनी या खेपेला हात जोडले.

"वैनी, कोरेगावचं स्थळ हाय. पोरगी दीपाली. साताऱ्यात पतसंस्थेत नोकरीला हाय. घर चांगलं, माणसं सरळ. पर आता ह्यापुढं माझ्या ध्यानात पोरगी न्हाई, हे सांगून ठेवतो. आन् ती इमानं तेवढी माळ्यावर टाका."

"टाकते की. त्याला काय इचारायचंय?" चंदनबाला म्हणाली. आर्जव तिथंच बसला होता.

पाहुणे रविवारी येणार होते. शनिवारीच दुपारी भाऊसोंचा फोन आला, "निघालेत बरं का! सांगलीला कार्य होतं त्यांचं, तिथनं आत्ताच येत्यात." घरात पळापळ झाली. चंदनबालानं विमानांची खोकी भराभर माळ्यावर चढवली. पण एक राहिलं. आर्जवनं त्यासाठीच कामावर रजा टाकली होती आणि जेवण झाल्या झाल्या त्यावर चकाकीचा शेवटचा, जाड थर मारला होता. ते हलवता येण्यासारखं नव्हतं. मिग एकवीस होतं ते. खरं मिग एकवीस त्याच सप्टेंबरात हवाई दलातून निवृत्त झालं होतं. पारावर यावरूनही झालंच होतं, "आर्ज्या, इमान पेन्शनीत गेलं, तुझं अजून जमंना!"

"ऱ्हाऊ दे मग जाळीखाली," आई म्हणाली. "कोण येतंय मागं बघायला. इचारलं तर दूध हाय म्हणायचं."

भाऊसोंसोबत पाहुणे आले. जय जिनेंद्र झालं, पाणी झालं. दीपालीचे वडील सोप्यात धन्यकुमारांच्या शेजारी बसले आणि दोघं मिळून समोरच्या भिंतीकडं बघू लागले. दीपाली खुर्चीत ताठ बसली होती. असल्या बैठका तिनंही बऱ्याच उरकल्या असाव्यात. तिनं सरळ आर्जवलाच विचारलं, "कामाची वेळ काय असते तुमची?"

"सकाळी जातोय, दिस मावळायच्या आत घरात," चंदनबाला म्हणाली. "जेवायला वेळेवर. अंधार पडल्यावर घास न्हाई घेत."

"आणि सुट्टीला काय करता?"

"काय करतोय, घरातच असतोय. कुठं जात न्हाई, कुणात न्हाई."

"जेवणात काय आवडतं?"

"त्याचं काय बी नसतंय बघ," चंदनबाला कौतुकानं म्हणाली. "भाजी खारट झाली तरी खातोय. शब्द काढत न्हाई."

सगळे हसले. आर्जवही हसला. दीपाली हसली नाही, ती आर्जवच्या तोंडाकडं बघत होती. बोलताना हे तोंड कसं दिसत असेल, याचा अंदाज घेतल्यासारखं.

मग भाऊसोच म्हणाले, "आवं, पोरांना घटकाभर बोलू द्या की. आजकाल तशी रीत हाय." जागा दुसरी कुठली नव्हतीच. आर्जव तिला मागच्या खोलीत घेऊन गेला.

"हे काय झाकलंय?" तिनं विचारलं.

आईनं सांगितलेलं उत्तर ओठावर होतं. पण त्यानं जाळी उचलली.

"अय्या! हे परवा निरोप दिला तेच न्हवं?"

"तेच."

"आमच्या आळीतले एक काका होते ह्यावर. उडवायला न्हाई, दुरुस्तीला. तुम्ही केलंय?"

"व्हय."

"चकाकतंय लय."

"ती चकाकी ठेवायची नसती," आर्जव म्हणाला. आणि मग त्याचं त्यालाच नवल वाटावं इतकं बोलला. रंग नुसता असला की खरखरीत असतो. त्यावर नंबर आणि हवाई दलाची तिरंगी चक्रं चिकटवली तर खाली हवा राहते, पांढुरकं दिसतं. म्हणून आधी चकाकीचा थर द्यायचा, काच करून टाकायची. काचेवर नंबर बसतो तो रंगवल्यासारखा बसतो. तो बसला की वरनं दुसरा, मंद थर मारायचा. खरं विमान असं आरशासारखं नसतं.

"म्हणजे आधी चकाकी आणायची, नंबर चिकटवून घ्यायचा, आन् मग चकाकी मारून टाकायची?"

"व्हय."

"लग्नासारखंच की!"

आर्जव हसला. हे पारावरचं हसणं नव्हतं. हा आवाज आपल्याकडं होता, हेच त्याला माहीत नव्हतं.

तेवढ्यात दीपालीचा हात पुढं आला. तिचं बोट डाव्या पंखाकडं निघालंय हे त्यानं बघितलं. त्याला दिसलं नाही असं अजिबात नाही. 'हात लावू नका, ओलं हाय,' एवढंच म्हणायचं होतं. वर्षातली ती एक फट, वर्षातला तो एक थर. पण त्याला वाटलं, लावू दे. हिला कसं नको म्हणायचं? बोट पंखावर टेकलं, बरोबर जिथं तिरंगी चक्र यायचं होतं तिथं. टेकलं आणि तिथंच राहिलं. तिनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. तो हसला. मग तिनं बोट उचललं. उचलताना बारीक चिकट आवाज झाला. ओढणीच्या टोकात बोट पुसत ती म्हणाली, "चला, वाट बघत असतील."

जाताना तिच्या वडलांनी "कळवतो" म्हटलं. कळवतो म्हणजे काय, हे या घराला चांगलं ठाऊक होतं. पण या वेळी चंदनबालालाही आशा वाटली. "पोरगी बोलकी हाय. बरं झालं. ह्या मुक्याच्या घरात मला तेवढीच सोबत."

पाहुणे गेल्यावर आर्जव दार लावून पंखाकडं बघत बसला. थरावर बोट उमटलं होतं. नुसता डाग नव्हे. एकात एक गुंतलेल्या रेषा, मधलं वेटोळं, सगळं. कुणा दुसऱ्याचं असतं तर दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर ओला केला असता, ठसा घासून काढला असता आणि बॉयलर पेटायच्या आत नवा थर दिला असता. दिवस होते हातात. पण त्यानं घासलं नाही.

आता माणसानं वाट बघावी, पण आर्जवनं वाट बघायचीही कारागिरी केली. आइस्क्रीमच्या कपातले प्लॅस्टिकचे चमचे त्यानं रंग तपासायला साठवून ठेवलेले असत. एका चमच्यावर चकाकीचा थर मारून त्यानं ओल्यावर आपलं बोट टेकवलं. वाळल्यावर वरून दुसरा थर दिला, मग तिसरा. ठसा काही बुजला नाही. उलट वर जेवढी चकाकी चढेल, तेवढा तो उठून दिसायला लागला. कुपवाडला असं झालं असतं तर नाथाजीनं टाकी डोक्यात घातली असती. घरी मात्र आर्जवला उभारी आली. म्हणजे हे आता जाणार नाही.

त्यानं ठरवलं, डाव्या पंखावर चक्र चिकटवायचंच नाही. उजव्यावर चिकटवू. लग्न होईल, ती घरात येईल, एखाद्या दिवशी खोली झाडताना विचारेल, "ह्या पंखाला चक्र का न्हाई?" तेव्हा तो सांगेल. काय सांगायचं याचं त्यानं एक वाक्य तयार केलं. कुपवाडला जाता-येता गाडीवर, हेल्मेटच्या आत, तो ते म्हणून बघायचा: "तिथं तुमचं बोट हाय." मग 'तुमचं' काढून 'तुझं' करायचा. मग लाजून परत 'तुमचं' करायचा. आयुष्यात इतकी तयारी त्यानं कुठल्या बोलण्याची केली नव्हती.

दरम्यान कारखान्याचा बॉयलर पेटला. फट मिटली. खिडकीच्या पट्टीवर काळे कण दिसायला लागले. आर्जवला त्याचं काही वाटलं नाही.

फोन आला तो जेवणाच्या सुट्टीत. नंबर अनोळखी.

"मी दीपाली. कोरेगावची."

आर्जव डबा तसाच ठेवून शॉपच्या मागं गेला. कॉम्प्रेसर चालू होता, त्यानं दुसऱ्या कानात बोट घातलं.

"भाऊसोकाका आज सांगतीलच घरी. पण मला वाटलं आधी तुम्हाला सांगावं. माझ्याकडनं न्हाई हाय."

"बरं," आर्जव म्हणाला.

"का, ते इचारणार न्हाई?"

कॉम्प्रेसर बंद पडला.

"त्या दिवशी विमान ओलं होतं न्हवं?"

"व्हय."

"मला टेकल्या टेकल्या कळलं. चिकटलं की बोटाला. मी मुद्दाम उचललं न्हाई. म्हटलं, भाईर सगळं आईच बोलल्या, इथं तर आई न्हाईत. आता तरी बोलतील. ओरडतील, हात धरतील, काय तरी करतील. तुम्ही हसलात."

"मला वाटलं..." आर्जव म्हणाला.

"काय वाटलं?"

वाक्य तयार होतं. हेल्मेटमध्ये घासून घासून गुळगुळीत केलेलं. पण ते लग्नानंतरचं होतं, झाडलोटीच्या दिवसासाठीचं. आज ते कुठून सुरू करायचं हेच त्याला समजेना. आतून नाथाजीची हाक आली, "आर्जव! कुठं मेलास रं?"

"काय न्हाई," तो फोनमध्ये म्हणाला.

ती बोलली तेव्हा आवाजात राग नव्हता, त्यामुळं ते जास्त लागलं. "माझ्या बापानं उभ्या जन्मात आज्जीपुढं तोंड उघडलं न्हाई. देवमाणूस म्हणतंय सगळं गाव त्यांना. त्या देवमाणसाच्या घरात आईनं काय काढलंय ते मी बघितलंय. एवढं जपलेलं इमान, त्याचा कुणी नास केला तरी तुम्ही बोलत न्हाई. मग माझ्यासाठी काय बोलाल? तुम्ही वाईट न्हाई ओ. पण मला परत तसल्या घरात जायचं न्हाई."

"बरं."

"खराब झालं का ते? माझ्यामुळं?"

"न्हाई."

"बघा," ती म्हणाली. "हे पण खरं बोलत न्हाई." आणि फोन ठेवला.

आर्जव आत गेला. नाथाजीनं एक टाकी त्याच्यापुढं आदळली, वरच्या थरात धूळ बसलेली. आर्जवनं ती घासायला घेतली.

घरी पोचला तेव्हा भाऊसो सोप्यात चहा संपवून उठतच होते. चंदनबालाच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. "काय कमी हाय माझ्या लेकात? सुपारीचं व्यसन न्हाई! वर तोंड करून बोलत न्हाई! आन् पोरगी तर काय, सगळ्यांदेखत कशी फडाफडा इचारत होती. नकोच तसली. बरं झालं परस्पर टळलं." भाऊसो चपला घालत म्हणाले, "वैनी, मी सांगितलं होतं. आता माझ्याच्यानं हुईल असं वाटत न्हाई." जाताना त्यांनी आर्जवच्या खांद्यावर हात ठेवला. धन्यकुमारांनी पेपर किंचित खाली घेतला, मुलाकडं बघितलं आणि पुन्हा वर केला. बापलेकात यापेक्षा मोठं बोलणं त्या घरात कधी झालं नव्हतं.

मागच्या खोलीत जाळीवर काजळी पडली होती. आर्जवनं ती अलगद उचलून बाजूला ठेवली. वाटीत पाणी घेतलं, पॉलिश पेपरचा तुकडा कापून बुडवला. पंख उजेडाकडं तिरका केला. ठसा होता तसाच होता, वेटोळ्यासकट. आता घासला तरी नवा थर देण्याजोगी हवा पुढच्या दिवाळीलाच मिळणार होती. तो पेपर हातात धरून बसला. पेपर भिजून मऊ पडला तरी त्याचा हात पंखाकडं जाईना.

तेवढ्यात दार ढकलून चंदनबाला आली. हातात शेंगांची पाटी.

"काढ बाबा ती खोकी माळ्यावरनं. आता कशाला लपवायची? कोण येणार हाय बघायला?" म्हणत तिनं पाटी ठेवायला जागा हवी म्हणून विमान उचललं. डाव्या पंखाला धरून उचललं. अंगठा बरोबर त्या जागेवर.

आर्जवचं तोंड उघडलं. खरंच उघडलं. 'हात'मधलं 'हा' एवढं अक्षर बाहेरही आलं.

"काय रं? काय म्हणालास?"

तिनं विमान कोपऱ्यात ठेवलंही होतं. त्यानं पंखाकडं बघितलं. थर केव्हाच दगडासारखा वाळला होता. आईच्या अंगठ्याची खूणसुद्धा पडली नव्हती. आता त्यावर कुणाचं बोट उमटणार नव्हतं, त्यामुळं कुणाला नको म्हणायचीही गरज उरली नव्हती.

"काय न्हाई," तो म्हणाला.

"मग चल. दिस बुडायच्या आत जेवून घे."

तो उठला. वाटीतलं पाणी मोरीत ओतलं, हात धुतले आणि पाटावर जाऊन बसला. शेजारी वडील आधीच बसले होते. आईनं वाढलं.

भाजी खारट झाली होती. दोघंही खात राहिले.